आई रोज तासभर चालते तरी वजन आणि शुगर जागची हलत नाही (वय ६३), हे हार्मोन्सचं आहे का?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबलं तर समजून घ्या. माझी आई कराडला दादा-वहिनीकडे असते, वय ६३, मी नोकरीमुळे ठाण्यात. आईची पाळी ४६-४७ ला गेली, तोपर्यंत ती एकदम शिडशिडीत होती. नंतर हातपाय बारीकच राहिले आणि जे काय वाढलं ते सगळं पोटावर आलं. उंची पाच फूट, वजन ६१ किलो, कंबर मी गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा टेपने मोजली तर ९२ सेंटीमीटर भरली.

गेल्या वर्षी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले बॉर्डरवर आहे, चालायला लागा, गोड कमी करा, सहा महिन्यांनी बघू. आई शब्दाला पक्की, दिवाळीपासून रोज पहाटे साडेपाचला प्रीतिसंगमावर जाते, सोबत दोन मैत्रिणी असतात, तासभर चालून येते, थंडीतही चुकवलं नाही. चहातली साखर बंद केली. आणि आता परत तपासलं तर एचबीए१सी ६.३, उपाशीपोटी ११४, वजन होतं तेवढंच. थायरॉईड नॉर्मल आहे, गोळी फक्त बीपीची एक चालू आहे. मावशीला (आईची सख्खी बहीण) डायबेटिस आहे आणि तिच्या पायाची जखम सात महिने भरत नव्हती ते आईने जवळून बघितलंय, त्यामुळे तिला त्याचीच धास्ती.

रिपोर्ट बघून ती एवढंच म्हणाली, आता या वयात काय व्हायचंय, आणि चार दिवस झाले चालायला गेलेली नाही. फोनवर आवाज पडलेला असतो. मला ते फार लागलंय.

मला विचारायचंय की पाळी गेल्यावर जे हार्मोन्स बदलतात ते व्यायामाने खरंच सुधारतात का, का साठीनंतर त्याला अर्थ नसतो? चालणं वाढवायचं का काही वेगळं करायचं? डावा गुडघा जिना चढताना दुखतो. दादा म्हणतो ट्रेडमिल आणतो, वहिनी म्हणते मेथीचं पाणी. आणि एका लॅबची जाहिरात आलीय फोनवर, लेप्टिन, इन्सुलिन, कॉर्टिसोल असं सगळं एकत्र पॅकेज आहे, बरंच महाग आहे पण उपयोग असेल तर करून घेईन.

---

नाशिकची फिजिओ | सोमवार, रात्री ११:५५

काकूंना उद्याच्या उद्या परत चालायला पाठवा, हे पहिलं. त्या हरलेल्या नाहीयेत. या वयात, घरात डायबेटिस असताना, काहीच केलं नसतं तर एका वर्षात आकडा ६.२ वरून कुठेही जाऊ शकला असता. ६.२ चं ६.३ हा फरक तर मशीनच्या आणि तपासणीच्या मागेपुढे होण्यातच येतो, त्याला वाढ म्हणू नका.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलंत हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, ते वाचूनच मला चित्र समोर आलं कारण माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या दहातल्या सात-आठ बायका अशाच असतात. जेवल्यावर रक्तात जी साखर येते ती साठवायचं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. इन्सुलिनच्या सांगण्यावरून जी साखर रक्तातून उचलली जाते त्यातली बहुतेक, जवळपास ८० टक्के, स्नायू उचलतात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं त्याचाही त्यात हात असतो. म्हणजे भाकरी तेवढीच, कोठार मात्र लहान झालेलं. मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं, काही वर्षं तेवढ्यावर निभतं, आणि एक दिवस निभत नाही.

पण चांगली गोष्ट ही की स्नायू कामाला लागला की तो इन्सुलिनची वाट बघत नाही. साखर आत घेणारे जे वाहक असतात, ग्लुट४ म्हणतात त्यांना, ते स्नायूच्या नुसत्या हालचालीनेच पेशीच्या पृष्ठभागावर येतात. वय ६३ असो नाहीतर ८०, ही यंत्रणा शाबूत असते. आणि एकदा नीट व्यायाम केला की पुढचे २४ ते ४८ तास इन्सुलिनचं काम सोपं झालेलं असतं. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका असं सांगतात. काकूंचे चार दिवस झालेत.

मग तासभर चालून फरक का नाही? मला काही शंका आहेत. दोन मैत्रिणींशी गप्पा मारत, म्हणजे वेग किती आहे? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका दम लागला पाहिजे. तासभर रमतगमत चालण्यापेक्षा त्यात मधेमधे दोन-दोन मिनिटं झपझप चाला म्हणावं. दुसरं, त्या एका तासानंतर उरलेला दिवस कसा जातो ते लिहा. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, चालण्याने हृदयाला, मनाला फायदा होतोच पण मांड्या, कुल्ले, पाठ, दंड हे मोठे स्नायू वाढायला चालणं पुरत नाही. त्यांना ओझं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये मोठ्या वयासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम तर आहेच, शिवाय आठवड्यातून किमान दोनदा ताकदीचे व्यायाम आणि पासष्टीनंतर तीनदा तोल सांभाळायचे व्यायाम वेगळे सांगितलेत. आपल्याकडे पहिला भाग सगळे डॉक्टर सांगतात आणि दुसरा कोणीच सांगत नाही, ह्याची मला खरंच चीड येते.

ट्रेडमिल नको. एक साधी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा आणि इथे सांगा. ६० ते ६४ च्या बाईला १२ वेळा तरी यायला हवं.

---

अंबाजोगाईची आजी | मंगळवार, सकाळी ६:२०

अगं बाळा, तुझ्या आईला माझा निरोप दे. मी ६७ वर्षांची आहे, शाळेत शिक्षिका होते, १२ वर्षं झाली डायबेटिस आहे. मी पण असंच केलं होतं, तीन महिने चालले, काट्यावर काही दिसेना, सोडून दिलं, पुढच्या वर्षी साखर वाढून बसली. माझी चूक आईने करू नये म्हणून लिहितेय.

माझ्या लेकीने मला रात्रीच्या जेवणानंतर लगेच पंधरा मिनिटं गच्चीवर चालायला लावलं, शतपावलीच म्हण पण शंभर पावलांची नाही, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. आधी मी जेवले की सीरियल लावून पलंगावर. घरात साखर मोजायचं मशीन होतं ते आम्ही दोन आठवडे रोज वापरलं, ज्या दिवशी चालले नाही त्या दिवशी जेवणानंतर दोन तासांनी २१० च्या वर, चालले त्या दिवशी १६५-१७०. जेवण तेच बरं का, दीड भाकरी, पिठलं, थोडा भात. ते डोळ्यानं बघितल्यावर मला कोणी सांगायला लागलं नाही. सहा महिन्यात माझं ७.८ चं ७.१ झालं आणि वजन उतरलं म्हणशील तर दीड किलो.

पण एक जपायचं. मला गोळी आहे ग्लिमेपिराइडची. एकदा सकाळी गोळी घेतली, नाष्टा राहिला, आणि तशीच चालायला गेले. दर्शनाच्या रांगेत दरदरून घाम, हातपाय थरथर, डोळ्यापुढं अंधारी. शेजारच्या बाईने पर्समधला पेढा दिला म्हणून निभावलं. तुझ्या आईला साखरेची गोळी नाही म्हणजे तिला ही भीती जवळजवळ नाही, पण हे वाचणाऱ्या ज्या कोणी गोळीवर किंवा इन्सुलिनवर आहेत त्यांनी खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नये. पेढ्यापेक्षा नुसती साखर किंवा ग्लुकोज बरं, पेढ्यातल्या खव्याने ते हळू चढतं असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

ताई, आजी, दोघींचे खूप आभार. आजी, तुमचं लिहिलेलं मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही पण परत वाच म्हणाली.

वहिनीने खुर्चीचं करून घेतलं. ८ वेळा. नवव्यांदा हात टेकावा लागला.

दिवस विचारलात ना, तर साडेपाच ते साडेसहा चालणं, मग चहा आणि दोन टोस्ट, पूजा, पेपर. भाजी निवडणं, बसून. जेवण साडेबाराला, मग दोन तास झोप. चार वाजता चहा, संध्याकाळी देवळात जाते रिक्षाने कारण गुडघा, मग सात ते दहा टीव्ही, मधे जेवण. मी लिहिताना मलाच जाणवलं की त्या एका तासानंतर ती दिवसभर बसूनच आहे. वहिनी सगळं काम करते, आम्हाला वाटायचं आता आईला आराम मिळाला पाहिजे.

संध्याकाळी सहा-सातला तिला खूप भूक लागते, चिवडा, फरसाण असं काहीतरी खाल्ल्याशिवाय राहवत नाही. ते लेप्टिनमुळे का? म्हणून त्या पॅकेजचं विचारत होते.

---

बायोकेमवाला पुणे | मंगळवार, रात्री ९:३०

लॅबमध्येच आयुष्य गेलंय म्हणून पॅकेजबद्दल मी सांगतो, पैसे वाचवा. लेप्टिनचा आकडा येईल, त्याच्यापुढे नॉर्मल की जास्त असं छापलेलं असेल, आणि तो घेऊन कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी उपचार एका पैशाने बदलणार नाही. कॉर्टिसोल तर सकाळी आठला वेगळं, संध्याकाळी वेगळं, एका थेंबावरून काय कळणार. त्याऐवजी हिमोग्लोबिन आणि बी१२ बघा. आपल्याकडच्या बायकांमध्ये लोहाची कमतरता खूप, आणि त्या ॲनिमियात एचबीए१सी खरं असतं त्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. हिमोग्लोबिन कमी निघालं तर डॉक्टरांना सांगून ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी करून घ्या, खरं चित्र कळेल.

आता लेप्टिन. हा हार्मोन चरबीच्या पेशी बनवतात, १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. मेंदूला कळवायचं की साठा भरलाय, खाणं आवरा, हे त्याचं काम. तेव्हा सगळ्यांना वाटलं की लठ्ठ माणसात हा कमी असणार, तो टोचला की झालं. निघालं उलटंच, चरबी जितकी जास्त तितका लेप्टिन जास्त, फक्त मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो मुळातच जास्त असतो. म्हणजे आईंचा बहुधा वाढलेलाच येईल आणि त्याचा उपाय शेवटी तोच, हालचाल आणि पोटाची चरबी कमी. सहा वाजताची भूक मला लेप्टिनपेक्षा दुपारच्या जेवणात डाळ-उसळ कमी असण्याची आणि सवयीची वाटते. घ्रेलिन नावाचा जठराचा हार्मोन रोजच्या खायच्या वेळेच्या आधी आपोआप वर येतो, वेळ बदलली की काही दिवसात तोही सरकतो.

तुमच्या खऱ्या प्रश्नावर, म्हणजे पाळी गेलेल्या बायकांमध्ये व्यायामाने हार्मोन बदलतात का, थेट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत सिएटलला फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात ॲन मॅक्टियर्नन यांच्या गटाने ५० ते ७५ वयाच्या, वजन जास्त असलेल्या आणि बैठं आयुष्य जगणाऱ्या १७३ बायका घेतल्या. सगळ्यांची पाळी गेलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटाने वर्षभर आठवड्यातून पाच दिवस ४५ मिनिटं मध्यम व्यायाम केला, मुख्यतः झपझप चालणं, दुसऱ्याने फक्त अंग ताणायचे हलके व्यायाम. वर्षाअखेर व्यायामवाल्यांचं वजन सरासरी सव्वा-दीड किलोच उतरलं. काट्यावर बघाल तर काहीच नाही. पण त्यांचं इन्सुलिन ४ टक्क्यांनी खाली आलं आणि दुसऱ्या गटाचं त्याच वर्षात १२ टक्क्यांनी चढलं. लेप्टिन ७ टक्के कमी झालं. पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी असते ती कमी झाली, आणि ज्यांची चरबी जास्त उतरली त्यांचं इस्ट्रोजेनही कमी झालं.

हे शेवटचं वाचून गोंधळ होईल. पाळी गेल्यावर बीजकोश इस्ट्रोजेन बनवणं जवळपास थांबवतात हे खरं, पण चरबीची पेशी दुसऱ्या हार्मोनपासून इस्ट्रोन नावाचं इस्ट्रोजेन बनवत राहते. साठीनंतर ते जास्त असणं स्तनाच्या कर्करोगाच्या दृष्टीने चांगलं नाही, म्हणून कर्करोग केंद्राने हा अभ्यास केला. तेव्हा तरुणपणीचं इस्ट्रोजेन व्यायामाने परत येतं असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. परत येतं ते शरीराचं इन्सुलिनला ऐकणं.

त्यात इन्सुलिनचे ते दोन आकडे परत वाचा, कारण आईंचा सगळा प्रश्न त्यात आहे. एक गट खाली आला, दुसरा बसल्या जागी वर गेला. तुमची आई जागच्या जागी आहे म्हणजे ती उताराला धरून उभी आहे.

---

माणदेशातून | बुधवार, सकाळी ८:०५

मला थोडं वेगळं बोलायचंय. माझी आई ६५ ची, अजून रानात जाते, खुरपायला, जनावरांचं शेण काढायला, वैरणीचा भारा डोक्यावर आणते. तिला पण गेल्या वर्षी शिबिरात साखर सांगितली आणि तिथल्या मॅडम म्हणाल्या रोज अर्धा तास व्यायाम करत जा. आई घरी येऊन रडली, म्हणाली मी दिवसभर राबते ते कुणाला दिसत नाही का. हे सगळे अभ्यास शहरातल्या बसून असणाऱ्या बायकांवर. ज्या बाईला दम टाकायला वेळ नाही तिला व्यायाम सांगताना जरा विचार करावा.

---

नाशिकची फिजिओ | बुधवार, दुपारी २:४०

तुमच्या आईंचं ऐकून वाईट वाटलं, आणि तुम्ही बोललात ते बरोबर आहे. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालणं हा तोलाचा आणि ताकदीचा दोन्ही व्यायाम आहे, मी क्लिनिकमध्ये शिकवते त्यापेक्षा अवघड. त्यांना वेगळा अर्धा तास सांगणं चूक. त्यांच्या बाबतीत ताट बघायला हवं, झोप बघायला हवी, आणि औषध लागत असेल तर वेळेवर सुरू करायला हवं. कष्टाच्या बायका सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खातात, डाळीतलं वरचं पाणी आणि भाकरी-चटणी, मग स्नायू राबतो पण भरून निघत नाही.

आणखी एक, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम यासाठी महत्त्वाचं आहे. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा, युडकिन यांचा, शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आत चरबी, ही आपली ठेवणच, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटात असल्यापासून होते हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर दाखवलं. म्हणून राबणाऱ्या बारीक बाईलाही साखर होते, त्यात तिचा काही दोष नाही, हे आईंना जरूर सांगा.

फक्त घरकाम आणि कष्ट यात फरक करते मी. आमच्या आज्या जात्यावर दळायच्या, पाटा-वरवंटा, आडाचं पाणी ओढणं, पायलीभर धान्य कांडणं, यात खांदे, पाठ, मांड्या सगळं लागायचं. आता मिक्सर, नळ, गॅस आला आणि फार बरं झालं, त्या बायकांचे हाल मला परत नकोत. पण ओट्याशी चार तास उभं राहून पाय दुखतात, स्नायू वाढत नाही. थकवा आला म्हणजे व्यायाम झाला असं होत नाही.

कृष्णाकाठ, ८ म्हणजे कमी आहे पण घाबरू नका, हा आकडा सगळ्यात पटकन सुधारतो. आता नीट वाचा. सोमवार, बुधवार, शनिवार असे तीन दिवस. खुर्चीतून उठ-बस ५ वेळा, एक मिनिट थांबा, परत ५, असं तीनदा. खुर्चीवर उशी घालून उंच करा म्हणजे गुडघ्याला कळ लागणार नाही, दोन आठवड्यांनी उशी काढा. मग उताणं झोपून डावा पाय सरळ ताठ ठेवून एक वीत उचलायचा, पाच आकडे मोजायचे, दहा वेळा, मग उजवा. गुडघ्याच्या वरचा स्नायू घट्ट झाला की जिन्यावरचं दुखणं बऱ्याच जणींचं कमी होतं. मग भिंतीला हात टेकून दंड काढल्यासारखं, दहा वेळा. पिवळ्या रंगाचा रबरी पट्टा मेडिकलमध्ये मिळतो, तो खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढायचा, पाठीसाठी. ओट्याला धरून टाचा उचलणं, पोळ्या होईपर्यंत. बीपी आहे म्हणून श्वास कोंडायचा नाही, जोर लावताना तोंडाने आकडे मोठ्याने मोजायला सांगा, आपोआप श्वास सुटतो. छातीत दडपण, एकदम धाप, चक्कर आली तर थांबून डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. ते व्हायचंच, दोन-तीन दिवसात जातं. सांधा सुजला किंवा दुखणं रात्री झोपू देत नसेल तर मात्र मला विचारा.

आणि सकाळचा एक तास तोडा. सकाळी अर्धा तास झपझप, दुपारी जेवल्यावर पंधरा मिनिटं, रात्री जेवल्यावर पंधरा. आजींनी स्वतःवर जे पाहिलं तेच जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका छोट्या अभ्यासात २०१३ मध्ये दिसलं होतं, साठीपुढचे दहाच लोक होते पण चोवीस तास साखर मोजलेली. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालण्याचा फायदा सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतका होता, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर फक्त जेवणानंतर चालण्यानेच नीट खाली आली. दुपारची दोन तास झोप अर्ध्या तासावर आणा, रात्रीची झोपही सुधारेल. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी इन्सुलिन नीट काम करत नाही.

---

बायोकेमवाला पुणे | बुधवार, रात्री १०:१०

फिजिओ ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त हिशोबाची बाजू जोडतो. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये ३,२३४ माणसं होती, निकाल २००२ ला आले. आहार आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम यांनी डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटवलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. आणि साठीच्या पुढच्यांमध्ये? व्यायाम-आहारवाल्यांचं ७१ टक्क्यांनी घटलं. सगळ्यात जास्त फायदा म्हाताऱ्यांना झाला. हे वाक्य आईंना मोठ्या अक्षरात छापून द्या.

आपल्याकडचा चेन्नईचा अभ्यास पण आहे, डॉ. रामचंद्रन यांचा, ५३१ लोक, २००६ मध्ये आलेला. तीन वर्षांत काही न करणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना डायबेटिस झाला, चालणं-आहार करणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. आणि त्यांचं वजन म्हणावं असं उतरलंच नव्हतं. तेव्हा काटा माळ्यावर टाका, कंबरेची टेप ठेवा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही रेषा आहे. ९२ वरून ८८ जरी आली तरी आत बरंच काही झालेलं असेल.

प्रोटीन किलोमागे एक ग्रॅम धरा, म्हणजे आईंना साठेक ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम असतं, अंड्यात सहा. टोस्टऐवजी मुगाचं धिरडं किंवा अंडं, दुपारी उसळ, चार वाजता दही किंवा मूठभर फुटाणे, म्हणजे सहाचं फरसाण आपोआप सुटेल. त्याआधी एकदा क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून घ्या, बीपी आहे ना. मेथीचं पाणी आवडत असेल तर घेऊ द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

---

परदेशी पाखरू | गुरुवार, पहाटे ४:३०

इकडे न्यू जर्सीत माझी सासू सहा महिने असते, थंडीत बाहेर पाय ठेवता येत नाही. आम्ही जेवणानंतर घरातल्या घरात हरिपाठ म्हणत फेऱ्या मारतो, हॉल ते किचन, सत्तावीस अभंग होईपर्यंत. वेळ बघावी लागत नाही, त्यांना त्यात समाधान पण मिळतं. कराडला पावसाळ्यात उपयोगी पडेल म्हणून सांगितलं.

---

कृष्णाकाठ | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१५

सगळ्यांना सांगायचं राहिलं म्हणून परत लिहितेय. हिमोग्लोबिन १०.२ निघालं, लोहाच्या गोळ्या चालू केल्यात, डॉक्टर म्हणाले एचबीए१सी आता तीन-चार महिन्यांनीच बघू, त्याआधी त्या आकड्याला अर्थ नाही. ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीत दोन तासांचं १६२ आलं, म्हणजे अजून डायबेटिस नाही, पण अलीकडच्या काठावर आहोत.

मी गेल्या शनिवारी कराडला गेले होते. रात्री जेवण झालं आणि आई स्वतःहून चपला घालून उभी, म्हणाली चल, सीरियल नंतर मोबाईलवर बघता येते. आम्ही पंधरा मिनिटं गल्लीत चाललो. शेजारच्या दोन काकू पण आता येतात तिच्याबरोबर. हरिपाठ आधीपासून पाठ आहेच, पाऊस असला की घरात.

वजन ६०.६. कंबर ९० भरली, मी तीनदा मोजली. खुर्चीवर उशीशिवाय ११ झाले, आणि अकराव्याला तिने माझ्याकडे असं बघितलं ना, बाबा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर तसं काही मी बघितलं नव्हतं. देवळात चालत जाते, येताना रिक्षा.

अंबाजोगाईच्या आजी, ती तुमची चौकशी करते दर फोनला, आजींची साखर कशी आहे विचार म्हणते. माणदेशातून लिहिणाऱ्यांनो, तुमच्या आईंबद्दल पण तिने विचारलंय, वरण घट्ट वाढून घ्या म्हणावं म्हणाली.

फिजिओ ताई, एक विचारायचं होतं, पिवळा पट्टा आता तिला अगदी हलका वाटतो, एका दमात वीस वेळा ओढते. दुकानात लाल आणि हिरवा दोन्ही आहेत, कोणता घेऊ?

---

नाशिकची फिजिओ | रविवार, रात्री ९:५०

लाल. त्याच्यावर पंधरा-पंधरा तीनदा सहज जमायला लागले की मग हिरवा. काकूंना म्हणावं बारावी उठ-बस झाली की मला इथे कळवा, मी वाट बघतेय.